खंडांतर चषक: एका काल्पनिक स्पर्धेची नियमावली

सध्या मी एक दीर्घकथा लिहितो आहे. सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या कापड गिरणीच्या चाळीत जन्मलेला फुटबॉल क्लब देशातली लीग जिंकतो आणि जगभरातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत जाऊन पोहोचतो, असे तिचे कथानक आहे. क्लब काल्पनिक आहे, स्पर्धाही काल्पनिक आहे, आणि त्या स्पर्धेला मी ‘खंडांतर चषक’ असे नाव दिले आहे. माणसे बऱ्यापैकी उभी राहिली, परंतु स्पर्धा काही केल्या उभी राहीना. शेवटच्या साखळी सामन्यात बरोबरी पुरेशी आहे की विजयच हवा, हे लेखकालाच ठाऊक नसेल तर कथेतला प्रशिक्षक खेळाडूंना सांगणार तरी काय? म्हणून कथा बाजूला ठेवून मी आधी स्पर्धेची नियमावली लिहून काढली, आणि ती लिहिताना जे काही उलगडत गेले ते येथे मांडतो आहे.

साखळी, बाद आणि पुढे चाल हे शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. हिवाळ्यात कबड्डी-खो-खोचे सामने भरवणाऱ्या सोलापुरातल्या कोणत्याही मंडळाचा कार्यकर्ता वहीच्या पानावर पाच मिनिटांत सोळा संघांची सोडत आखून दाखवतो. आखणी सोपी असते. अवघड असते ते त्या आखणीत खेळणाऱ्यांच्या मनात काय चालेल याचा अंदाज बांधणे. मी सुरुवातीलाच एक कसोटी ठरवली. स्पर्धेच्या कोणत्याही क्षणी, कोणत्याही संघाला, गोल करण्यापेक्षा आणि सामना जिंकण्यापेक्षा दुसरे काही अधिक फायद्याचे ठरता कामा नये. ही कसोटी दिसते साधी, पण मोठमोठ्या स्पर्धा तिच्यावर नापास झालेल्या आहेत.

पहिला प्रश्न संघांच्या संख्येचा होता. युरोपच्या चॅम्पियन्स लीगने २०२४-२५ पासून गट मोडून छत्तीस संघांची एकच गुणतालिका केली. प्रत्येक संघ आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळतो, पहिले आठ थेट पुढे जातात आणि नवव्या ते चोविसाव्या क्रमांकाच्या संघांना आणखी एक फेरी खेळावी लागते. आधीच्या पद्धतीत गटवार फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत १२५ सामने होत. आता १८९ होतात. पहिल्याच वर्षी लिव्हरपूल तालिकेत अव्वल आला आणि पॅरिस सेंट-जर्मेन पंधरावा. मग उपउपांत्यपूर्व फेरीत नेमकी याच दोघांची गाठ पडली, लिव्हरपूल स्वतःच्या मैदानावर पेनल्टी शूटआऊटमध्ये बाहेर गेला, आणि पॅरिसने पुढे म्युनिकमधल्या अंतिम सामन्यात इंटरला ५-० असे हरवून चषक उचलला. पॅरिसच्या यशाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र आठ सामने खेळून अव्वल येणाऱ्याच्या पदरात जे पडले ते पाहता, अव्वल येण्याचे मोल इतके थोडे का, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर खाली येईलच.

छत्तीस संघांचा पसारा माझ्या कथेला पेलणारा नव्हता. चोवीस संघांचाही विचार केला. चोवीस म्हणजे चारचे सहा गट, आणि सहा गटांतून सोळा संघ काढायचे तर तिसऱ्या क्रमांकाच्या चार संघांना उचलावे लागते. २०१६ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत पोर्तुगाल गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून तिसरा आला, तरी पुढे गेला आणि शेवटी विजेता ठरला. शिवाय ज्या गटाचे सामने उशिरा संपतात त्या गटाला आपल्याला नेमके किती गुण पुरतील हे आधीच कळलेले असते. म्हणून मी सोळांचा मुख्य गाभा ठेवला आणि त्याच्या दारात आठ संघांची एक पात्रता फेरी बसवली. बारा क्लब थेट, आठ क्लब पात्रता फेरीत, त्यातले चार आत. असे एकूण वीस क्लब.

या विसांत कोण असावे, याबाबत माझे मत कडक आहे. आपापल्या देशाची लीग किंवा खंडाची स्पर्धा जिंकलेल्या क्लबांनाच प्रवेश द्यायचा आणि एका देशातून एकच क्लब घ्यायचा. युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्यांमध्ये १९६० ते २००४ या काळात खेळल्या गेलेल्या इंटरकॉन्टिनेंटल चषकाचे सत्तरच्या दशकात जे झाले, ते पाहिले म्हणजे हा कडकपणा समजेल. प्रवास, तारखा आणि मैदानावरची हाणामारी यांना कंटाळून युरोपचे विजेते माघार घेऊ लागले आणि उपविजेते त्यांच्या जागी जाऊ लागले. १९७४ चा युरोपियन चषक बायर्न म्युनिकने अॅटलेटिको माद्रिदला हरवून जिंकला होता. बायर्न गेले नाही, अॅटलेटिको गेले, आणि त्यांनी अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेला नमवून तो चषक जिंकलाही. स्वतःच्या खंडाचे विजेतेपद नसलेला क्लब जगज्जेता म्हणवला गेला. खंडांतर चषकात माघार घेणाऱ्याची जागा त्याच्या उपविजेत्याला मिळणार नाही. ती पात्रता फेरीतून भरली जाईल.

एका मालकाचे दोन क्लब स्पर्धेत नकोत, हे कलम मी मूळ मसुद्यात लिहिलेच नव्हते. २०२५ च्या क्लब विश्वचषकातून मेक्सिकोच्या लेऑनला पाचुकाशी असलेल्या समान मालकीमुळे वगळावे लागले आणि त्या जागेसाठी लॉस एंजेलिस एफसी आणि क्लब अमेरिका यांच्यात ऐनवेळी स्वतंत्र सामना झाला, हे आठवल्यावर ते कलम आले. माझ्या स्पर्धेत मालकीची छाननी सोडतीच्या आधी होते.

थेट प्रवेशाच्या बारा जागांपैकी युरोपला चार, दक्षिण अमेरिकेला तीन, आशिया आणि आफ्रिका यांना प्रत्येकी दोन आणि उत्तर व मध्य अमेरिकेला एक दिली. पात्रता फेरीत आशिया आणि आफ्रिकेचे दोन-दोन, बाकी चार खंडांचा एकेक. ओशनियाला थेट जागा नाही, यावर माझ्या पुतणीने आक्षेप घेतला. तिचे म्हणणे असे, की २०२५ च्या क्लब विश्वचषकात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड सिटीच्या हौशी खेळाडूंनी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ असे रोखलेच ना! रोखले, हे खरे आहे. पण त्याच खेळाडूंवर बायर्नने दहा आणि बेनफिकाने सहा गोल चढवले होते, हेही तितकेच खरे. अशा क्लबाला दार उघडे हवे, पण ते त्याने स्वतः ढकलून आत यावे, एवढाच पात्रता फेरीचा अर्थ आहे.

माझा सोलापूरचा क्लब अर्थातच याच दारातून येतो. भारतीय क्लबाने परदेशात जाऊन स्पर्धा जिंकणे अगदीच अद्भुत मानू नये. २००३ मध्ये जकार्त्यात झालेली आसियान क्लब स्पर्धा ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी तेरो सासानाला ३-१ असे हरवून जिंकली होती, आणि २०२२ मध्ये मुंबई सिटीने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे नमवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. या दोन निकालांच्या आधारावर मी कथेतली अतिशयोक्ती पचवतो.

सामने कोठे खेळवायचे, हे ठरवायला फार वेळ गेला. आपल्या मैदानावर एक आणि त्यांच्या मैदानावर एक, ही जुनी रीत न्याय्य आहे, परंतु खंड ओलांडताना ती दमवणारी ठरते. इंटरकॉन्टिनेंटल चषक सुरुवातीला तसाच खेळला जाई, आणि त्यात गोल मोजलेच जात नसत. विजयाचे गुण तेवढे मोजत. १९६१ मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाने उरुग्वेच्या पेन्यारोलला लिस्बनमध्ये १-० असे हरवले, पेन्यारोलने माँटेव्हिडिओत ५-० अशी परतफेड केली, तरीही दोघांचा एकेक विजय म्हणून हिशोब समान धरला गेला आणि पेन्यारोलला तिसरा सामना खेळावा लागला. तो त्यांनी २-१ असा जिंकला, म्हणून बरे. एकूण पाच गोल करून एकच गोल खाल्लेल्या संघाला पुन्हा शून्यापासून उभे करणारा नियम माझ्या कसोटीवर उतरत नाही, कारण त्यात दुसऱ्या गोलापासून पाचव्या गोलापर्यंत सगळेच व्यर्थ जातात.

म्हणून चार गटांना चार शहरे दिली: कोलकाता, इस्तंबूल, कैरो आणि माँटेव्हिडिओ. चारही शहरांत फुटबॉल लोकांच्या अंगात मुरलेला आहे आणि एकाच वेळी दोन सामने खेळवता येतील इतकी मैदाने आहेत. प्रत्येक शहरात आधी एक पात्रता सामना होतो आणि त्याचा विजेता त्याच शहरातल्या गटात चौथा संघ म्हणून राहतो, म्हणजे त्याला पुन्हा विमान पकडावे लागत नाही. हरलेला क्लब एका सामन्यानंतर घरी जातो. हे निष्ठुर आहे, परंतु त्यांच्यासाठी सांत्वनाचे सामने भरवणे मला त्याहून अपमानास्पद वाटते.

स्पर्धेचा महिना नोव्हेंबर. २०२५ च्या क्लब विश्वचषकात अमेरिकेतल्या जूनच्या उन्हाने खेळाडू इतके हैराण झाले, की सिनसिनाटीतल्या सामन्याचा पूर्वार्ध डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी बाकावर न बसता ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिला. सोलापूरचा मे महिना अंगावर काढणाऱ्या माणसाला उन्हाचे महत्त्व नव्याने पटवून द्यावे लागत नाही; आमच्याकडे दुपारी एक वाजता कोणी सामना ठेवला तर पंचसुद्धा फिरकणार नाही.

आता मुख्य मुद्दा, शेवटच्या साखळी सामन्यांचा. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधल्या गिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा विश्वचषकातला सामना झाला. त्या गटातल्या अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून खळबळ उडवली होती आणि आपला शेवटचा सामना आदल्याच दिवशी जिंकून ती निकालाची वाट पाहत बसली होती. जर्मनीने एक किंवा दोन गोलांनी विजय मिळवला तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे जाणार, हे गणित दोन्ही संघांना मैदानात उतरण्याआधीच ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला सामना चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला. नियम कोणी मोडला नाही; नियमानेच त्यांना न खेळण्याची मुभा दिली होती. त्यानंतरच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

खंडांतर चषकात मी आणखी एक पाऊल पुढे गेलो. चारही गटांचे शेवटचे आठही सामने एकाच क्षणी सुरू होतात. चॅम्पियन्स लीगच्या नव्या पद्धतीत २९ जानेवारी २०२५ रोजी अठरा सामने एकदम खेळले गेले, तेव्हा आठ काही जड नाहीत. घड्याळाचा हिशोबही सुदैवाने जमला: कोलकात्यात रात्रीचे साडेआठ, इस्तंबूलमध्ये संध्याकाळचे सहा, कैरोत पाच आणि माँटेव्हिडिओत दुपारचे बारा. सोलापुरात तेव्हा जेवणे उरकून माणसे टीव्हीसमोर बसलेली असतील, हा माझा खासगी फायदा.

वेळ एक केली तरी समान गुणांचे काय, हा प्रश्न राहतोच. परस्परांतला निकाल आधी पाहावा की एकूण गोलफरक (केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा), यावर दोन पक्ष आहेत आणि मी गोलफरकाच्या पक्षात आहे. २००४ च्या युरो स्पर्धेत इटली, स्वीडन आणि डेन्मार्क यांचे प्रत्येकी पाच गुण झाले. तिघांच्या आपसातल्या लढती बरोबरीत सुटल्या होत्या, म्हणून त्या लढतींतले गोल मोजले गेले, आणि शेवटच्या दिवशी स्वीडन-डेन्मार्क २-२ सुटताच इटली बल्गेरियाला २-१ असे हरवूनही बाहेर गेली. त्या निकालात संगनमत होते असे मी म्हणणार नाही. परंतु दोन किंवा अधिक गोलांची बरोबरी झाली की इटली कितीही गोलांनी जिंकली तरी व्यर्थ, ही स्थिती सामन्याआधीच सर्वांना दिसत होती. एकूण गोलफरक आधी पाहिला असता, तर डेन्मार्कला मागे टाकण्यासाठी इटलीला बल्गेरियाविरुद्ध तीन गोलांचा विजय पुरला असता. त्याच बल्गेरियाला स्वीडनने ५-० असे धुतले होते, म्हणजे ते अशक्य नव्हते. स्वतःच्या नशिबाची किल्ली स्वतःच्या सामन्यात असणे मला महत्त्वाचे वाटते.

गोलफरक, मग केलेले गोल, मग परस्परांतला निकाल, आणि तेही समान असेल तर चिठ्ठी. पिवळ्या कार्डांची मोजणी मी मुद्दाम ठेवलेली नाही. २०१८ मध्ये व्होल्गोग्राडला पोलंडविरुद्ध जपान ०-१ असा मागे होता, पण सेनेगलपेक्षा कमी पिवळी कार्डे असल्यामुळे आहे तोच निकाल त्याला पुरणार होता, म्हणून शेवटची दहा मिनिटे जपानने चेंडू नुसता आपसात फिरवला. तेथे चिठ्ठीचा नियम असता तर जपानला बरोबरीच्या गोलासाठी धावावेच लागले असते, कारण चिठ्ठीच्या भरवशावर कोणी चेंडू फिरवत बसत नाही. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचा क्रम चिठ्ठीने लागला होता, तेव्हा हा उपाय अगदीच गावठी नाही.

नियम हुशारीने लिहायला गेले की काय होते, याचे सर्वात विलक्षण उदाहरण १९९४ च्या कॅरिबियन चषकाच्या पात्रता सामन्यात आहे. तेथे बरोबरी चालत नव्हती. जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंके आणि तो गोल दोन गोलांइतका धरला जाई. ग्रेनाडाविरुद्ध बार्बाडोसला दोन गोलांनी विजय हवा होता. ते २-० पुढे होते, पण ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक गोल फेडला. उरलेल्या वेळात तिसरा गोल होण्याची चिन्हे नाहीत, असे पाहून बार्बाडोसने चक्क स्वतःच्या जाळ्यात चेंडू मारला आणि सामना २-२ करून जादा वेळेकडे नेला. डाव ग्रेनाडाच्या ध्यानात आला. आता त्यांना कोणत्याही बाजूला एक गोल झाला तरी चालणार होते, कारण एका गोलाने हरले तरी तेच पुढे जाणार होते. म्हणून ते दोन्ही गोलांवर चाल करू लागले आणि बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोल राखत उभे राहिले. जादा वेळेत बार्बाडोसने गोल केला आणि सामना ४-२ असा नोंदला गेला. खंडांतर चषकात गोलाची किंमत सदैव एकच राहते, हे कलम एवढ्यासाठी.

स्वतःवर गोल करण्याची आणखी एक तऱ्हा १९९८ च्या टायगर चषकात, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत दिसली. थायलंड आणि इंडोनेशिया दोघेही उपांत्य फेरीत पोहोचले होते आणि गटात पहिला येणाऱ्याला हनोईत जाऊन यजमान व्हिएतनामशी खेळावे लागणार होते. जिंकण्याची इच्छा कोणालाच नव्हती. शेवटी इंडोनेशियाच्या खेळाडूने मुद्दाम स्वयंगोल केला आणि थायलंड ३-२ असा ‘जिंकला’. पुढे दोघेही आपापले उपांत्य सामने हरले, हा भाग वेगळा. येथे दोष पहिल्या क्रमांकाला काहीच न देणाऱ्या आराखड्याचा होता, आणि लिव्हरपूलच्या वाट्याला आलेली निराशाही त्याच जातीची होती.

यावर मी जो उपाय केला तो माझ्या नियमावलीतला सर्वात आवडता भाग आहे. चार गटविजेत्यांचा गुण आणि गोलफरक यांनुसार क्रम लावायचा, आणि त्या क्रमाने त्यांनी उपविजेत्यांमधून आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. आपल्याच गटातला संघ निवडता येणार नाही, एवढीच अट. शेवटच्या विजेत्यासाठी त्याच्याच गटाचा संघ उरला तर काय, ही शंका मला दोन दिवस सतावत होती. सगळ्या शक्यता कागदावर मांडल्यावर दिसले, की पहिल्या दोघांनी काहीही निवडले तरी उरलेले दोन संघ तिसऱ्या आणि चौथ्या विजेत्यात अट न मोडता वाटता येतातच. तिसऱ्याने फक्त चौथ्याची अडचण होणार नाही असे पाहून निवडायचे. या नियमाने मुद्दाम हरण्याचे कारणच नाहीसे होते, कारण ज्याला टाळायचे आहे त्याला टाळण्याचा हक्क जिंकूनच मिळतो. दोन सामने जिंकून निर्धास्त झालेल्या संघालाही तिसरा सामना खेळावासा वाटतो. एक दोष मला दिसतो: ज्या गटात एखादा फारच दुबळा संघ असेल, त्या गटाच्या विजेत्याचा गोलफरक फुगतो. तो दोष मी राहू दिला आहे.

कथाकार म्हणून मला याचा झालेला लाभ वेगळाच आहे. निवड बंद खोलीत होत नाही, सर्वांसमोर होते. अव्वल क्लबाचा कर्णधार व्यासपीठावर येतो आणि तीन नावांतून सोलापूरचे नाव घेतो. ते का घेतले, हे सभागृहात प्रत्येकाला समजते. एवढे आयते नाट्य मला कोणत्याही सोडतीने दिले नसते.

तेथून पुढे फार लिहिण्यासारखे नाही. बाद फेरीचे सातही सामने एकाच शहरात, लिस्बनमध्ये होतात. ऑगस्ट २०२० मध्ये चॅम्पियन्स लीगचे शेवटचे आठ संघ याच शहरात, दोन मैदानांवर, एकेका सामन्याने निकाली खेळले होते, तेव्हा ही व्यवस्था चालते हे सिद्ध आहे. फक्त त्या वेळी प्रेक्षक नव्हते, माझ्याकडे आहेत. बरोबरी झाली तर तीस मिनिटे जादा, मग पेनल्टी. १९६८ च्या युरोत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्या उपांत्य सामन्याचा निकाल नाणे उडवून लावला होता, त्या मानाने पेनल्टी पुष्कळ सुसह्य आहेत.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना ठेवलेला नाही. “काका, मग उपांत्य फेरीत हरलेल्यांना काहीच नाही?” असे पुतणीने विचारले. ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धात आणि कुस्तीत दोन कांस्यपदके देतात, तशी येथेही दोन दिली आहेत. एकूण सामने पस्तीस, दिवस सव्वीस. पात्रता फेरी पहिल्या दिवशी, साखळी सामने पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी, मग प्रवासासाठी चार मोकळे दिवस, आणि त्यापुढे अठरा, बावीस, सव्वीस. सोलापूरच्या क्लबाचा उपांत्यपूर्व सामना अठराव्या दिवशी आहे. तो मी अजून लिहिलेला नाही.